बॅकप्लेट हार्नेसचा पट्टा काखेत रुततो: उपाय सापडला

लक्षण: स्कूबा डायव्हिंगचा, 50 मिमी रुंद एकसंध पट्ट्याचा हार्नेस. त्याने बॅकप्लेट, म्हणजे सिलिंडर धरणारी कडक प्लेट, पाठीवर बसते. काखेत रुततो, हात मागे सिलिंडरच्या वॉल्व्हपर्यंत पोचत नाही आणि डोकं खाली केलं की प्लेट मानेकडे सरकते.

निओप्रीनचे पॅड, मऊ पट्टा, कमरपट्टा आवळणं, सगळं करून झालं. पैसे गेले, वळ राहिले.

मूळ कारण म्हणजे खांद्याचे पट्टे आखूड. पाण्यात सिलिंडरचं वजन खांद्यावर नसतंच. प्लेट जागेवर ठेवतात कमरपट्टा आणि क्रॉच स्ट्रॅप (मांड्यांमधून पुढे येणारा पट्टा).

सिलिंडर न लावता, पण डायव्हचाच सूट घालून प्लेट चढवा. मानेमागे हात नेल्यावर प्लेटची वरची कड बोटांना लागली पाहिजे. मग खांद्याचे पट्टे इतके सोडा, की छातीवर पट्ट्याखालून तळहात सहज फिरेल. दोन्ही बाजू प्लेटच्या खाचेपासून टेपने मोजा. नजरेचा अंदाज हमखास फसतो. हात समोर ताणून कोपरात दुमडा, अंगठा पट्ट्याला टेकेल तिथे डी-रिंग (सामान अडकवायची कडी). आता कमरपट्टा. बकल मध्यापासून जरा उजवीकडे ठेवा, म्हणजे क्रॉच स्ट्रॅपचा फासा त्यात अडकत नाही. क्रॉच स्ट्रॅप सगळ्यात शेवटी: ताठ उभं राहून दोन बोटं जातील इतपत. त्याहून घट्ट केला तर बकल खाली ओढलं जातं.

उरलेला पट्टा लगेच कापू नका. आधी उथळ पाण्यात वॉल्व्हला हात पोचतो का पाहा. मग तिरका काप देऊन टोक लायटरने वितळवा. सूट जाड झाला, की माप पुन्हा घ्यायचं.