आठवणी लिहिताय? घाटाच्या या चुका टाळा

आई गेल्यावर मी तिच्याविषयी लिहायला बसले. ‘तिचा जन्म एका खेड्यात झाला’ इथून सुरुवात केली आणि चाळीस पानं भरली तरी आई काही पानावर उतरेना. बालपण, शाळा, लग्न, आमचे जन्म, बदल्या, आजारपण. सगळं खरं होतं, ओळीने होतं, आणि शोकसभेत वाचून दाखवतात त्या परिचयासारखं कोरडं होतं. आठवणी लिहिणारे पुष्कळजण इथेच अडकतात. मजकूर असतो, भाषाही असते. घाट, म्हणजे लिखाणाचा आकार, सापडलेला नसतो.

जन्मतारखेपासून सुरुवात

काळाच्या ओळीने लिहिण्यात चूक नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ओळीनेच पुढे जातात. पण त्यांची सुरुवात बघा. सत्तावन्नच्या बंडात लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी होते, आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचं वेड लागतं. त्याच घरातल्या मुलीचा नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती होतो. त्या मधल्या वादळाची जमीन पहिल्याच पानांत नांगरून ठेवलेली आहे.

म्हणून ओळीने लिहायचं असेल तर आधी स्वतःला विचारा, माझ्या लिखाणातली उलथापालथ कोणती? ती समजायला वाचकाला आधीचं नेमकं काय माहीत हवं? तेवढंच आधी ठेवा. बाकीच्या तारखा वहीत राहू देत.

आठ वर्षांच्या तोंडी पन्नाशीची समज

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यामुळे चांगले प्रसंग हकनाक वाया जातात. उदाहरणार्थ: ‘बाबा उशिरा आले. आईने ताट झाकून ठेवलं होतं. पुरुषप्रधान व्यवस्थेचं ते रूप पाहून मी आतून हादरले.’ आठ वर्षांची मुलगी असं हादरत नाही. तिला दिसते ताटावर उपडी घातलेली परात, कडेने ओघळलेली आमटी, आणि स्वतः न जेवता भिंतीला टेकून बसलेली आई. तिला भूक लागलेली असते आणि आई का जेवत नाही, हे तिला कळत नसतं. ते न कळणंच लिहायचं. पन्नाशीच्या बाईला जे म्हणायचंय ते तिने जरूर म्हणावं, पण वेगळ्या परिच्छेदात, आपल्या आवाजात.

मसुदा झाला की दोन रंगांची पेनं घ्या. तेव्हा दिसलेल्या गोष्टींखाली एका रंगाची रेघ ओढा, आत्ता कळलेल्या गोष्टींखाली दुसऱ्या. एकाच वाक्यात दोन्ही रंग आले की ते वाक्य फोडा.

कधी या दोन ‘मी’मधलं अंतरच लेखनाचा विषय असतो. दया पवारांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) लेखक दया पवारला दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण शिकून पुढे आलेला एक आणि मागचं सगळं पाठीवर घेऊन चालणारा दुसरा. तिथे ही रचना अंतरातूनच आली आहे. आपल्या लेखात तसं अंतर नसेल तर ती उसनी आणू नका.

आवडला म्हणून घेतलेला साचा

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्याने चालतं, कारण निसर्गच तसा चालतो. ते वाचून कुणी आपल्या नोकरीच्या आठवणी बारा महिन्यांत बसवल्या, तर भाद्रपदात लिहायला काही सापडत नाही आणि पानं भरण्याची वेळ येते. पत्रं, रोजनिशी, तुकडे यांचंही तेच. खरी पत्रं हाताशी नसतील, तर ‘प्रिय बाबा’ म्हणून बाबांनाच त्यांची नोकरी समजावून सांगावी लागते!

घाट सामानातच शोधावा. मला तो स्वयंपाकघरातल्या कपाटामागे मिळाला. आईने जुनी कालनिर्णयं जपून ठेवली होती. चौकोनाचौकोनात तिचं बारीक अक्षर: ‘दूध दीड’, ‘खाडा’, ‘सिलिंडर लावला’. एका जुलैत दीडचं एक झालं, भाऊ वसतिगृहात गेला तेव्हा. माझ्या लग्नानंतर एकाचं अर्धा. दिवाळीत चार दिवस पुन्हा दीड. चाळीस पानं बाजूला ठेवली आणि दुधाच्या मापाने लिहीत गेले. नऊ पानांत संपलं.

लेखाचं पुस्तक करणं

याबद्दल फार सांगायला नको. एकच प्रश्न असेल तर लेख पुरे. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ किती लहान आहे! सभेत त्यांची ओळख सासरे, पती अशा नात्यांनी करून दिली जाते, काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांना वाटत राहतं, आणि ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असं रस्त्यावरची मुलं बोलतात तेव्हा ती ओळख पुरी होते. त्यात बालपण घालायला जागाच नाही.

शेवटचा परिच्छेद

तो बहुधा जास्तीचा असतो. माझ्या लेखात शेवटच्या वर्षाचं पान होतं. चौदा तारखेला ‘दूध पाव’, पुढचे चौकोन कोरे. त्याखाली आई म्हणजे काय असते यावर मी दोन परिच्छेद लिहिले होते. दोन्ही काढले.