बोअरचं पाणी घागरीत पिवळं पडतंय? या चुका टाळा

पहाटे हापशावरून भरलेली घागर काचेसारखी स्वच्छ असते. दुपारी बघावं तर तळाशी तांबूस गाळ आणि वर पातळ तवंग. मग टाकी धुतली जाते, चार दिवसांनी पुन्हा तेच. टाकीचा बिचारीचा काही गुन्हा नसतो. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणात खोल गेलेल्या अनेक बोअरमध्ये प्राणवायू नावालाच असतो, म्हणून लोह तिथं विरघळलेलं, बिनरंगाचं राहतं. थोडं खडकातून येतं, थोडं जुन्या केसिंग पाइपातून. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज बनतो. किती वेळात बनतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. जालन्याकडच्या एका वस्तीवरून शुक्रवारी नमुना घेतला, साध्या प्लास्टिकच्या बाटलीत. शनिवार-रविवार ती गाडीच्या डिकीत. सोमवारी प्रयोगशाळेत दिली, अहवाल आला: लोह नगण्य. वस्तीवरच्या बायका हसल्या, त्यांचे पांढरे कपडे पिवळे होतच होते. उरलेली बाटली उजेडात धरली तेव्हा तळाला तपकिरी कडं दिसलं. सगळं लोह तिथं जाऊन बसलं होतं आणि तपासलं गेलं वरचं निवळ पाणी.

म्हणून धातूंसाठी वेगळी बाटली मागा, नायट्रिक आम्ल घातलेली. ती पाण्यानं विसळू नका, नाहीतर आम्लच सांडून जाईल. आम्लामुळे पीएच (पाणी किती आम्लधर्मी, हे सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) 2 च्या खाली राहतो आणि लोह विरघळलेलंच राहतं. फक्त विरघळलेलं लोह मोजायचं असेल तर पाणी जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, आम्ल त्यानंतर. उलट केलंत तर गाळही विरघळून आकड्यात मिसळतो.

पीएच मात्र बोअरपाशीच मोजा. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. बाटलीतून तो निसटला की पीएच चढतो. फरक अर्ध्या-एका अंकाचा, पण इथं तो भारी पडतो. विरघळलेल्या लोहाचा गंज होण्याचा वेग पीएच एकाने वाढला की साधारण शंभरपट होतो. हवा भरपूर मिळाली तर 7 ला काही मिनिटांत निम्मं लोह बाहेर पडतं, 6 ला त्यालाच कित्येक तास लागतात. पाणी 15 अंशांनी तापलं तर त्याच पीएचला वेग सुमारे दहापट.

गावाची लोह काढायची योजना फसते तीही इथंच. फवाऱ्यातून पाणी उडवतात आणि लगेच वाळूच्या फिल्टरमध्ये सोडतात. प्राणवायू खरं तर फार लागत नाही, 1 मिलिग्रॅम लोहाला जेमतेम 0.14 मिलिग्रॅम. पण गंज बनायला आणि गुठळी धरायला वेळ लागतो. मध्ये एक थांबा-टाकी हवीच. तुरटी टाकून हे भागत नाही. ती गाळ खाली बसवते, विरघळलेल्या लोहाला धरत नाही. आणि पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटर? 800 च्या आकड्यात 2 मिलिग्रॅम लोह त्याला दिसणारच नाही.

बोअरच्या पाण्यात लोहासोबत मँगनीज हा धातूही असू शकतो, पण त्याला लोहाचा भाऊ समजू नका. पीएच 8 लासुद्धा नुसत्या हवेनं त्याला पाण्यातून बाहेर पडायला दिवसच्या दिवस लागतात. त्याचा काळा थर वाळूवर बसला की तो थरच पुढच्या मँगनीजला ओढून घेतो आणि काम वेगानं होतं. फिल्टरची काळी वाळू ‘घाण झाली’ म्हणून घासून लख्ख करणारे हात मी पाहिलेत. महिन्यांची कमाई अशी नाल्यात जाते.

शेवटची गोष्ट टीसीएलची, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या क्लोरीनच्या पावडरीची. पावडर टाकली की टाकी लालसर होते आणि लोक पावडरीला शिव्या देतात. 1 मिलिग्रॅम लोह सुमारे 0.63 मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतं, मग जंतूंसाठी उरतं काय? त्यात पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पिवळ्या रंगावरून सांगणारी ओटी टेस्टही फसवते. गंजलेलं लोहही तोच पिवळा रंग देतं, आणि क्लोरीन आहे समजून रजिस्टरमध्ये नोंद होते. शंका आली तर टीसीएल न घातलेलं, रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी ढवळून त्यावर तीच टेस्ट करा. तेही पिवळं झालं, तर तो रंग क्लोरीनचा नव्हे.