हिवाळ्यात डोंगरात धावण्यासाठी हलकी सॅक कशी निवडावी

दुकानात सॅक घ्यायला गेलेला माणूस आधी तिचे वजन विचारतो, मग लिटर विचारतो आणि शेवटी आरशात पाहून पैसे देतो. भरलेली सॅक उतारावर कशी वागेल, हे या तिन्हींवरून कळत नाही. मराठवाड्यातल्या डोंगरांत, म्हणजे म्हैसमाळ, वेरूळ, गौताळ्याचे जंगल किंवा बीडकडचा बालाघाट, अशा ठिकाणी मी अनेक हिवाळे धावलो आहे आणि पहिल्या दोन सॅका मी निव्वळ चुकीच्या सल्ल्यावरून घेतल्या.

सुरुवात सामानापासून करावी. तीन-चार तासांच्या धावेसाठी दीड ते दोन लिटर पाणी, विंडचीटर, पातळ हातमोजे, कानटोपी, हेडलॅम्प, फोन, पट्टीचे बंडल आणि चिक्की-खजूर एवढे लागते. पाण्यात काटकसर करू नये, कारण पावसाळ्यात वाहणारे आपल्याकडचे ओढे पौषापर्यंत बहुतेक आटलेले असतात आणि गडावरच्या टाक्यांतले पाणी गाळल्या-उकळल्याशिवाय पिण्याजोगे नसते. हे सारे जमिनीवर मांडले की आठ लिटरची सॅक पुरते, हे डोळ्यांना दिसते. बारा लिटरची घेतली तर रिकामी जागा राहते, आणि त्या जागेत सामान इकडून तिकडे आपटत राहते.

कापडाबाबत एकच सांगतो. सगळ्यांत हलक्या सॅकेला बाहेरून जी ताणणारी जाळी असते, ती बोरी-बाभळीच्या काट्यांपुढे एक हंगामही टिकत नाही, आणि वाळलेल्या गवताची कुसळे तिच्यात अडकून नंतर पाठीला टोचत राहतात. पन्नास-साठ ग्रॅम जास्त भरले तरी चालतील, पण बाहेरच्या बाजूला घट्ट विणीचे नायलॉन असावे.

आता मापाचा प्रश्न, ज्यात मी स्वतः फसलो. धावण्याची सॅक बंडीसारखी अंगात घालायची असते, म्हणून तिचे माप छातीच्या घेरावरून ठरते. हिवाळ्यात जॅकेट घालून धावायचे, म्हणून जॅकेटवरून छाती मोजा आणि एक माप मोठी सॅक घ्या, असे मला सांगण्यात आले होते. ऐकायला हे अगदी बरोबर वाटते. मात्र आपल्या थंडीचा स्वभाव वेगळा आहे. परभणीचा पारा एखाद्या वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो, म्हैसमाळ छत्रपती संभाजीनगर शहरापेक्षा सुमारे 500 मीटर उंच असल्याने तिथे पहाटे आणखी तीनेक अंशांचा फरक पडतो, आणि त्याच दिवशी अकरा वाजता उन्हात अंगावर एक सदराही नकोसा होतो. म्हणजे ज्या जॅकेटवरून माप घेतले ते दोन तासांत अंगावरून निघून सॅकेत जाते. छातीचा घेर कमी होतो, पाठीवरचे वजन वाढते, आणि त्याच वेळी छातीवरच्या खिशांतल्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होऊ लागल्याने पुढचा तोल हलका होतो. माझी मोठ्या मापाची सॅक म्हैसमाळहून वेरूळकडे उतरताना प्रत्येक पावलाला पाठीवर आपटत होती. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढूनही ती सैलच राहिली आणि घरी पोहोचेपर्यंत गळ्याखालच्या हाडाजवळची कातडी दोन्ही बाजूंनी सोलून निघाली होती.

म्हणून माप घ्यायचे ते एका पातळ पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टवरून, काखेच्या जरा खाली फीत धरून, पूर्ण श्वास भरून. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान माप घ्यावे, मात्र श्वास भरल्यावर बरगड्यांवर दाब येता कामा नये. छातीवर दोन आडवे पट्टे असावेत आणि ते वर-खाली सरकवता यावेत; स्त्रियांनी तर हे पाहिल्याशिवाय सॅक घेऊच नये, कारण एकाच जागी शिवलेला पट्टा नेमका नको तिथे येतो. राहिला जॅकेटचा प्रश्न. सैलसर विंडचीटर सॅकेच्या वरून घालावे. पाहणाऱ्याला पाठीवर कुबड आल्यासारखे दिसते, दिसू द्यावे. ऊन वाढले की सॅक न उतरवता ते काढता येते, आणि सॅकेचे माप दिवसभर एकच राहते.

चाचणी रिकाम्या सॅकेवर करणे व्यर्थ आहे. सगळे सामान आणि भरलेल्या बाटल्या घेऊनच दुकानात जावे आणि जिन्याने दोन मजले धावत उतरावे, कारण चढताना कुठलीही सॅक शहाण्यासारखी वागते. मग बाटल्या अर्ध्या करून पुन्हा उतरावे, आणि तिसऱ्यांदा विंडचीटर आत कोंबून. तिन्ही वेळा पट्टे थोडेसे ओढून सॅक पाठीला चिकटून राहिली तर ती आपली. “सर, वापरता वापरता बसेल,” असे दुकानदार म्हणतो. वापरता वापरता कापड सैल पडते, घट्ट होत नाही. ऑनलाइन मागवायची असेल तर परत घेणाऱ्याकडूनच मागवावी आणि लेबल न काढता हीच चाचणी घरच्या जिन्यात करावी.

पाठीवरची पाण्याची पिशवी की समोरच्या मऊ बाटल्या, या वादात मी बाटल्यांच्या बाजूचा आहे, कारण किती पाणी उरले ते हाताला कळते. पिशवीच हवी असेल तर ती भरून उलटी धरावी आणि नळीतून आतली हवा ओढून काढावी, म्हणजे पाणी डुचमळत नाही. हिमालयात शून्याखालच्या थंडीत धावणाऱ्यांची नळी गोठते. तिथे प्रत्येक घोटानंतर फुंकून नळीतले पाणी पिशवीत परत ढकलावे लागते. आपल्याकडे ती वेळ येत नाही.

हातमोजे घालून बकल उघडते का आणि धावता धावता खिशातली चिक्की हाताला लागते का, तेवढे पाहून घ्यावे. कुठलीही सॅक घामापासून आतले कपडे वाचवत नाही, तेव्हा कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा.

घरी आल्यावर पट्ट्यांवर, चाचणीत जिथे सॅक नीट बसली होती त्या जागी, जाड दोऱ्याचा एक टाका घालावा. पहाटे पाच वाजता अंधारात गारठलेल्या बोटांना पट्ट्यावरच्या खुणा दिसत नाहीत, टाका मात्र लागतो.