संहिता नसलेल्या नाटकाची निर्मिती : विद्यार्थी नाट्यगटासाठी

तालमीतूनच घडत जाणाऱ्या नाटकाची, म्हणजे डिव्हाइज्ड नाटकाची, निर्मिती हाती घेणाऱ्याजवळ पहिल्या दिवशी संहिता नसते. त्यामुळे पात्रे किती, नेपथ्य कोणते, प्रयोग किती मिनिटांचा, या नेहमीच्या प्रश्नांना उत्तरे मिळत नाहीत. अशा वेळी निर्मात्याच्या हाती एकच गोष्ट पक्की असते, ती म्हणजे तारखा. म्हणून प्रयोगाच्या दिवसापासून मागे मोजत जावे आणि नवे काही घालणे कोणत्या दिवशी थांबेल, हे सर्वात आधी ठरवावे. आठ आठवडे हाती असतील, तर तीन शोधासाठी, म्हणजे प्रसंग करून पाहण्यासाठी, दोन रचनेसाठी, म्हणजे त्यांतले निवडून क्रम लावण्यासाठी, आणि उरलेले तीन निव्वळ तालमीसाठी ठेवावेत, असे माझे मत आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या जॉइंट स्टॉक या ब्रिटिश नाट्यसंस्थेने आधी नटांबरोबर कार्यशाळा, मग लेखकाला एकट्याने लिहिण्यासाठी सवड आणि त्यानंतर तालमी, अशी पद्धत रूढ केली. गटात लिहिणारा कोणी असेल, तर ही मधली सवड त्याला अवश्य द्यावी, कारण रोज तालमीला हजर राहून रात्री लिहिणाऱ्याला घडलेल्या गोष्टींकडे थोडे दूर उभे राहून पाहता येत नाही.

सुरुवात विषयाऐवजी प्रश्नाने करावी. ‘स्थलांतर’ म्हटले की नट मते मांडू लागतात. ‘घर कायमचे सोडताना माणूस पिशवीत काय भरतो?’ असे विचारले की ते उठून काहीतरी करू लागतात, आणि रंगमंचाला हेच हवे असते. चादर, दोर, खुर्च्या अशा साध्या वस्तू पहिल्या आठवड्यापासून तालमीत असू द्याव्यात आणि नेपथ्यकारानेही तेव्हापासूनच तेथे बसावे, कारण तालमीत हाताळलेली वस्तूच पुढे प्रवेशाचा आधार होते; शेवटी आणून ठेवलेले नेपथ्य परकेच राहते.

सर्वात जास्त काळजी नोंदींची घ्यावी लागते. उत्स्फूर्तपणे साधलेला क्षण दुसऱ्या दिवशी नटाला स्वतःलाही नीट आठवत नाही. शब्द आठवतात, पण ते कोणत्या सूचनेमुळे आणि कोणत्या विरामानंतर आले, हे निसटून जाते. त्यासाठी नोंदी ठेवणारी एक व्यक्ती नेमावी आणि तिला त्या दिवशी अभिनय करायला लावू नये. तिने प्रत्येक तुकड्याला नाव द्यावे आणि सूचना काय होती, कोण कोठे उभे होते, बदल कोणत्या क्षणी झाला, हे तालीम संपण्यापूर्वीच लिहून काढावे. सगळ्याच तालमींचे चित्रीकरण करण्याचा मोह टाळावा, कारण एका तासाचे चित्रीकरण पाहायला एक तास लागतो आणि तो कोणाकडेच नसतो. दुसऱ्यांदा करूनही टिकलेला तुकडा तेवढा चित्रित करावा. पुढे हीच नावे कार्डांवर लिहून भिंतीवर लावली, म्हणजे प्रवेशांचा क्रम सगळ्यांना एकत्र पाहता येतो आणि बदलताही येतो.

रचनेच्या टप्प्यात चांगले तुकडेही गळतात, आणि ते विद्यार्थ्यांच्या मनाला लागते. अंतिम निर्णय कोणाचा, हे पहिल्याच दिवशी सांगितले असेल, तरच ही कापाकापी गट सहन करू शकतो. मी ज्यात होतो अशा एका निर्मितीत प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत भर घालणे चालू राहिले, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलीपर्यंत नवा क्रम पोहोचलाच नाही, आणि ज्या प्रवेशावर सर्वांनी सर्वाधिक कष्ट घेतले होते, तो अर्धा काळोखात गेला. ती चूक तिची नव्हती; तारीख न पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांची होती.

रचना उभी राहताच दहा-पंधरा बाहेरच्या प्रेक्षकांना ती दाखवावी. त्यांना ‘आवडले का?’ असे विचारू नये. काय घडताना दिसले आणि लक्ष कोठे सुटले, एवढेच विचारावे.

जाहिरात नाटक पूर्ण होण्याआधीच छापावी लागते, म्हणून तिच्यात कथानकाचे वचन देऊ नये. खर्चाचा साधारण चौथा हिस्सा रचना पक्की होईपर्यंत राखून ठेवावा.

खऱ्या माणसांच्या मुलाखती वापरायच्या असतील, तर त्यांची लेखी संमती घ्यावी, ती मागे घेण्याची मुभा द्यावी आणि ओळख पटेल असे तपशील बदलावेत. लेखनाचे श्रेय कोणाकोणाचे, गटातून कोणी बाहेर पडल्यास त्याच्या तुकड्याचे काय करायचे आणि पुढचे प्रयोग कोणाच्या परवानगीने होतील, हेही सुरुवातीलाच कागदावर आणावे. नाटक गाजल्यानंतर हे बोलणे फार अवघड होते.

भर थांबवण्याच्या दिवशी रंगमंच व्यवस्थापकाने संपूर्ण संहिता टंकून घ्यावी, हालचालींसह प्रकाश आणि ध्वनीचे सर्व क्यू, म्हणजे ते कोणत्या क्षणी बदलायचे याच्या खुणा, तिच्यात उतरवावेत आणि प्रत्येकाला तीच प्रत द्यावी. यानंतर तालमीत कोणाला काही सुचले, तर ते वहीत लिहून ठेवावे आणि पहिला प्रयोग झाल्यावर त्याचा विचार करावा.