वादळाची वाट पाहताना वडोदऱ्यातील घराची तयारी

अरबी समुद्रातील चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकते, जसे १७ मे २०२१ च्या रात्री 'तौक्ते' धडकले होते, तेव्हा वडोदऱ्यापर्यंत येईतो वाऱ्याचा जोर सहसा ओसरलेला असतो. आपल्याला खरी काळजी करायची ती पावसाची आणि खंडित विजेची.

वीज गेली की सोसायटीचा पंप बंद पडतो, म्हणून इशारा मिळताच गच्चीवरील टाकी काठोकाठ भरून घ्यावी आणि पिण्याचे पाणी माणशी रोज किमान तीन लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे झाकून वेगळे ठेवावे. स्नानाच्या बादल्याही भरून ठेवाव्यात, कारण शौचालयाला किती पाणी लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी अडकलेला पाला काढावा, सुटे पत्रे आणि कुंड्या खाली आणाव्यात. वीज गेल्यावर फ्रीज वारंवार उघडू नये. बंद राहिल्यास आतील गारवा सुमारे चार तास टिकतो.

विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्यांनी एक जास्तीची दक्षता घ्यावी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीतील मगरी रहिवासी भागांत शिरल्या होत्या, त्यामुळे पाणी ओसरताना अंगणात किंवा तळमजल्यावर अंधारात उतरू नये आणि मगर दिसल्यास हुसकावण्याचे शौर्य न दाखवता वनविभागाला कळवावे. कागदपत्रे, औषधे आणि भरलेली पॉवर बँक वरच्या मजल्यावर आधीच न्यावी.