मित्राच्या कर्जाला जामीन राहताय? सही करायच्या आधी हे बघून घ्या

"अरे फक्त एक सही हवीय, हप्ते मीच भरणार आहे," असं म्हणत मित्र फॉर्म पुढे सरकवतो तेव्हा आपल्याला वाटतं की आपण त्याच्या चांगुलपणाबद्दल दोन शब्द सांगतोय. फॉर्मवर भलतंच लिहिलेलं असतं. मी एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो होतो, तिथल्या कर्मचाऱ्यानं पेन्सिलनं फुल्या मारून ठेवल्या होत्या, फुली दिसली की सही असं करत सात-आठ सह्या मी काउंटरवर उभ्या उभ्या केल्या. रकमेची जागा कोरी होती. ती मला दिसली होती, तरी मी विचारलं नाही, कारण मित्र शेजारी उभा होता आणि त्याला वाईट वाटेल असं वाटलं. दीड वर्षानं नोटीस आली तेव्हा त्या जागेत मला सांगितलेल्यापेक्षा बराच मोठा आकडा होता. पुढची दोन वर्षं काय काय करावं लागलं त्यातून जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी कायदा समजून घ्या, त्याशिवाय बाकीचं नीट कळणार नाही. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. इतकीच म्हणजे मुद्दल, व्याज, दंडव्याज, सगळं. "आधी त्याची गाडी विका, त्याच्यावर केस करा, मग माझ्याकडे या" असं आपण म्हणू शकत नाही, सुप्रीम कोर्टानं १९६८ सालीच हे स्पष्ट केलंय. बँकेला ज्याच्याकडून लवकर पैसे मिळतील त्याच्याकडे ती आधी जाते, आणि तुमचा पगार नियमित असेल, पत्ता पक्का असेल तर तो माणूस तुम्हीच.

म्हणून पहिलं काम घरी बसून करायचं. पूर्ण कर्ज उद्या माझ्या अंगावर आलं तर मी ते फेडू शकतो का, आणि फेडून झाल्यावर या मित्राशी बोलू शकेन का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर विषय तिथंच संपला, मैत्री कितीही जुनी असू दे. आणि हे नवऱ्याला किंवा बायकोला सांगूनच ठरवा, कारण नोटीस घरच्या पत्त्यावर येते आणि त्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मग मित्राला विचारायचं की बँक जामीनदार का मागतेय. काही संस्थांचा नियमच असतो, तो भाग वेगळा. पण बऱ्याचदा त्याचं उत्पन्न कमी पडतं, आधीचे हप्ते थकलेले असतात किंवा तारण नसतं, म्हणजे पैसे देणाऱ्यालाच खात्री वाटत नसते. त्याचा क्रेडिट रिपोर्ट मागा, म्हणजे त्याची आधीची कर्जं आणि हप्ते कसे भरले याची नोंद. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, म्हणजे खर्चाचं कारण नाही. जो मित्र लाखोंची जबाबदारी तुमच्यावर टाकतोय त्यानं रिपोर्ट दाखवायला का-कू केली तर मी तरी सही करणार नाही.

आता फॉर्म. तो घरी आणा, किमान फोटो काढून आणा आणि सावकाश वाचा. रक्कम, व्याजदर, मुदत यातली एकही जागा कोरी असेल तर सही नाही. कोरे चेक द्यायचे नाहीत. तुमचं नाव "सहकर्जदार" म्हणून टाकलंय का बघा, तसं असेल तर ते कर्ज सरळ तुमचंच होतं. पगारातून कपात करायला संमती देणारं पत्र गठ्ठ्यात असतं का तेही बघा, सहकारी संस्थांच्या कागदांत ते बरेचदा असतं आणि आपण न वाचता सही करून मोकळे होतो.

दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवा. एक म्हणजे ही जामिनकी एकाच कर्जापुरती आहे का "चालू" आहे, म्हणजे त्या माणसाची पुढची उचल, कॅश क्रेडिट (मर्यादेपर्यंत हवे तेव्हा पैसे काढायची सोय), सगळंच तुमच्या गळ्यात येतं. चालू जामिनकी कलम १३० प्रमाणे लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांसाठी बंद करता येते, पण जे पैसे आधीच उचललेत त्यातून सुटका नाही. दुसरं, तुम्हाला न विचारता बँकेनं कर्जाच्या अटी बदलल्या तर कलम १३३ नुसार पुढच्या व्यवहारांतून जामीनदार सुटू शकतो, पण छापील फॉर्ममध्ये "जामीनदार हे हक्क सोडत आहे" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं. ते वाक्य काढून मागा. आणि जबाबदारीला आकडा घालून मागा, समजा ८ लाखांच्या कर्जाला तुम्ही ३ लाखांपुरतेच जामीन. बँक बऱ्याचदा नाही म्हणते, पण मागायला काही जात नाही.

"दुसरा जामीनदार पण आहे" यावर फार विसंबू नका. कलम १४६ प्रमाणे जामीनदारांमध्ये आपसात बोजा सारखा वाटला जातो हे खरं, पण बँक सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडून घेऊ शकते, मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा काढायची धावपळ तुम्हीच करायची.

अजून एक, एकही हप्ता चुकला नाही तरी ते कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकतं, त्यामुळे तुम्हाला स्वतःला घरासाठी कर्ज हवं असेल तेव्हा पात्रता कमी भरू शकते. मित्राचे हप्ते थकले तर झळ तुमच्या क्रेडिट स्कोअरलाही (कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणाऱ्या गुणांना) बसते.

सही केलीच तर गप्प बसू नका. बँकेला लेखी द्या की हप्ता चुकला तर मला पण कळवा, आणि मित्राशी आधीच ठरवून घ्या की दर महिन्याला हप्ता गेल्याचा मेसेज तो तुम्हाला पाठवेल. माझ्या बाबतीत पाच हप्ते थकले होते आणि मला पत्ता नव्हता, त्या काळात आम्ही दोनदा भेटलो पण होतो. पहिल्याच महिन्यात कळलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं.

नोटीस आली तर ड्रॉवरमध्ये टाकू नका, मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करायचा अधिकृत आदेश) निघू शकतो आणि तो निघाला की जप्तीपर्यंत जायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे सुनावणीला हजर राहाच. दिवाणी कोर्टाकडून पगार जप्त होतो तेव्हा पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो, पण तुम्ही कपातीचं संमतीपत्र दिलं असेल तर तो मामला वेगळा.

पैसे भरावेच लागले तर रोख देऊ नका, मित्राच्या हातात तर नाहीच. स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि "जामीनदार म्हणून भरले" अशी पावती घ्या. कलम १४५ प्रमाणे भरलेले पैसे मित्राकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि पूर्ण फेडलंत तर कलम १४० नुसार बँकेचे हक्क तुमच्याकडे येतात, तारण धरून. पण पुरावा नसेल तर हे हक्क कागदावरच राहतात.

नाही म्हणायचं असेल तर लगेच आणि स्पष्ट म्हणा, "बघतो" म्हणून त्याला आठवडाभर ताटकळत ठेवू नका. परत नाही आले तरी चालतील इतकेच पैसे देऊ करा, मी आता तेच करतो.

आणि कर्ज फिटलं की मित्राच्या शब्दावर थांबू नका. बँकेकडून नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र घ्या, त्यात जामीनदार म्हणून तुमचं नाव मोकळं केल्याचं लिहून घ्या, दिलेले चेक परत मागा, आणि दोन महिन्यांनी स्वतःचा रिपोर्ट काढून ते खातं बंद दिसतंय का ते बघा.