ग्राहकांच्या छोट्या वेबसाइटसाठी सीएमएस कसं निवडायचं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून मी आज सदतीस वेबसाइट सांभाळते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरवाले, होटगी रोडचं एक मंगल कार्यालय, तीन दवाखाने, जुळे सोलापुरातले क्लासेस, हुरडा पार्टीची दोन शेतं. या कामात नव्याने उतरणारी मुलं भेटली की पहिलं विचारतात, ‘ताई, वर्डप्रेस घेऊ, जुमला घेऊ की ड्रुपल?’ ही तिन्ही सीएमएस, म्हणजे कोड न लिहिता साइटवरचा मजकूर घालायची-बदलायची सॉफ्टवेअर. मी या मुलांना आधी वही काढायला लावते. प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: साइटवरचा मजकूर कोण बदलणार, वर्षातून किती वेळा, आणि रात्री साइट बंद पडली तर कोण उठणार. साइट दहा दिवसांत उभी राहते, पण सांभाळावी लागते पाच-सात वर्षं. सीएमएसची निवड त्या पाच-सात वर्षांच्या हिशेबाने करायची.

माझ्या वहीत असं दिसलं की सदतीसपैकी चौदा जणांनी वर्षभरात एकदाही लॉगिन केलेलं नाही. त्यांचा बदल व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ‘दवाखान्याची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ करा’, आणि मीच तो करते. अशांच्या साइट मी हळूहळू ह्यूगोवर नेल्या. ह्यूगो ब्राउझरला थेट दाखवता येतील अशी तयार एचटीएमएल पानं बनवून देतं. साइट ज्या सर्व्हरवर असते तिथे दर वेळी पान बनवणारी पीएचपी नाही, मजकूर साठवणारा डेटाबेस नाही, म्हणून दर आठवड्याला अपडेट करायचं असंही काही उरत नाही. चार पानांच्या साइटखाली डेटाबेस चालवत ठेवणं म्हणजे रोज राखण करावी लागेल असं दार उगाच उघडं ठेवणं.

ज्यांना स्वतः मजकूर बदलायचा आहे, त्यांना मी वर्डप्रेस देते. २००३ पासून ते चालू आहे, त्याचं प्रशासन पान मराठीत मिळतं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उद्या मी आजारी पडले तर सोलापुरात किंवा पुण्यात ते काम उचलणारं माणूस सापडतं. एका ग्राहकाला आपल्यावाचून अडकवून ठेवणं मला पटत नाही. जुमला वाईट नाही. एकाच साइटवर अनेक भाषा चालवायची सोय त्याच्या गाभ्यातच आहे आणि आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड लागतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. तरी अशोक चौकातल्या डॉक्टरांची मराठी-तेलुगू साइट मी वर्डप्रेसवरच पॉलिलँग हे प्लगिन (जास्तीची सोय देणारी जोड) टाकून केली, कारण जुमला येणारा दुसरा माणूस मला जवळपास मिळाला नाही. ड्रुपल मोठ्या संस्थांसाठी भक्कम आहे, लहान ग्राहकाला झेपत नाही. ड्रुपल ७ या जुन्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला आणि त्यावरून नव्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळजवळ नवीन साइट बांधणं. दुकानदार त्या खर्चाला तयार होत नाही.

आता मल्टिसाइटबद्दल, कारण सगळ्यांना मोह इथेच होतो. २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० आलं आणि एका इन्स्टॉलेशनमध्ये अनेक साइट चालवायची सोय त्यात आली. एकदा अपडेट केलं की सगळीकडे झालं, हे ऐकायला छान वाटतं. पण सगळ्या साइटचे टेबल एकाच डेटाबेसमध्ये असतात आणि वापरकर्त्यांची यादी तर सगळ्यांची सामाईक. एक ग्राहक म्हणाला, ‘माझी साइट मला द्या, मी दुसरीकडे चाललो’, की त्याची पोस्ट, फोटो, वापरकर्ते वेगळे काढता काढता दोन दिवस जातात. एकाच ग्राहकाचा कालचा बॅकअप परत लावायचा असेल तरी तेच. म्हणून एकाच शिक्षण संस्थेच्या पाच शाळा असतील तर मल्टिसाइट घ्या. एकमेकांना न ओळखणाऱ्या पाच दुकानदारांना एका घरात राहायला लावू नका.

वेगवेगळी इन्स्टॉलेशन केली तरी ती एकाच सीपॅनेल खात्यात, म्हणजे होस्टिंग कंपनीकडच्या एकाच खात्यात, ठेवू नका. ही चूक मी केली आहे. सुरुवातीला पैसे वाचवायला अकरा साइट एका खात्यात ठेवल्या होत्या. एका ग्राहकाच्या भाच्याने कुठून तरी फुकटात मिळालेलं स्लायडर प्लगिन चढवलं. गड्ड्याची यात्रा चालू होती, जानेवारीतली रात्र. मंगल कार्यालयाच्या मालकांचा फोन आला, ‘ताई, आमच्या साइटवर औषधांच्या जाहिराती दिसायल्यात वो.’ बघते तर अकराच्या अकरा साइटमध्ये तीच फाइल. एका खात्यातल्या सगळ्या फाइलींचा मालक सर्व्हरच्या लेखी एकच असतो, त्यामुळे एका साइटमध्ये घुसलेला सगळीकडे फिरतो. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला वेगळं खातं, वेगळा डेटाबेस, आणि प्लगिन चढवायचा अधिकार फक्त माझ्याकडे. ग्राहकाला ‘संपादक’ ही भूमिका पुरते. सगळ्या साइटचे अपडेट एका ठिकाणाहून बघायला मेनडब्ल्यूपी वापरते. मंगळवारी सकाळी आधी बॅकअप, मग अपडेट. बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर जातो आणि महिन्यातून एक परत लावून बघते.

कोणतंही सीएमएस घ्या, त्यात आधी मराठी घालून बघा. वर्डप्रेसमध्ये ‘सोलापुरी चादर घाऊक विक्री आणि दरपत्रक’ असं शीर्षक दिलं की पानाचा पत्ता ‘सोलापुरी-चादर-घाऊक-विक्र’ इथेच तुटतो. पत्त्याला दोनशे अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरांची जागा खातं. बावीस चिन्हांत पत्ता संपतो. शिवाय तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की बरेचदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. म्हणून पत्ता मी हाताने, रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत देते. जुन्या फॉन्टमधली माहितीपत्रकं आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, आणून घ्या. डोमेन ग्राहकाच्याच नावावर घ्या.

शेवटची परीक्षा ग्राहकाच्या माणसाची. टॉवेल कारखान्यातले हिशेबनीस काका अठ्ठावन्न वर्षांचे, सगळं काम मोबाइलवर. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, ‘काका, तीस बाय साठच्या टॉवेलचा दर बदला, मी काही सांगणार नाही.’ वर्डप्रेसच्या एडिटरमध्ये त्यांचं बोट अधिकच्या चिन्हावर गेलं, नवा ब्लॉक (मजकुराचा नवा चौकोन) उघडला, त्यात दर टाइप झाला आणि जुना दर वर तसाच राहिला. दोष काकांचा नव्हता. मी ऑफिसात येऊन त्यांच्यासाठी चारच रकान्यांचं पान केलं: नाव, माप, वजन, दर. बाकी सगळं लपवलं. पुढच्या खेपेला त्यांनी दर बदलला, ‘अद्ययावत करा’ दाबलं आणि दुसऱ्या फोनवर साइट उघडून मला दाखवली. दिवाळीआधी सुताचे भाव वाढले तेव्हा सव्वीस मालांचे दर त्यांनी एका दुपारी बदलले. मला कळलं ते संध्याकाळी, साइट बघताना.